जावयाचे तेहतीस अनारसे

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला तेव्हाही कळत नव्हतं, आणि आता तर ओळ धरून लिहिणंही जमत नाही, वर चढते नाहीतर खाली घसरते. माफ करा आणि जमेल तसं वाचा. पण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढं हात जोडले तरी तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी बोलून उठले. म्हणून पहिल्यांदा सांगताना ते जसं येईल तसं येईल.

ही वही माझ्या लेकीनं आणून दिली. ती नागपूरला असते. म्हणाली, आई, तुझ्या हातचं गोडाचं एकेक लिहून दे, मला करता येईल. मला हसू आलं. मी आणि लिहिणार? पण बसले. गुलगुले लिहिले. माझी आई आखाडात करायची. कणीक, गूळ, बडीशेप, बस. पहिला गुलगुला चुलीला द्यायची आणि आम्ही सहा जणं चुलीकडं असं बघायचो की जणू तिनंच आमचा वाटा खाल्ला. मग पुरणपोळी लिहिली, सासूबाई करायच्या तशी. मोहफुलाचे लाडू लिहिले. ते माझ्या धाकट्या जावेनं, चंदानं, शिकवलेले. ती झरीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावातली. वाळलेली मोहफुलं भाजून, तिळाबरोबर कुटून लाडू वळायची. आधी मी नाक मुरडलं होतं. मग एक खाल्ला आणि दुसरा मागायची लाज वाटली, म्हणून चोरून खाल्ला.

चोरून खाण्याची मला सवयच होती, असं म्हणावं लागेल.

मग अनारसे आले. आणि पेन थांबलं. चार दिवस झाले, पान कोरंच आहे. आता मला राग येतोय — वहीचा, लेकीचा, अनारशांचा. हा पदार्थ काढला तरी कोणी? तांदूळ तीन दिवस भिजवा. रोज पाणी बदला, नाहीतर वास मारतो. मग सावलीत पसरा, पण पूर्ण वाळू देऊ नका. ओलसर असतानाच कुटा, चाळा, गूळ घाला, मळा, डब्यात दाबून ठेवा, आणि चार दिवस वाट पाहा. मग खसखशीवर थापा, तुपात सोडा, आणि एकाच बाजूनं तळा, उलटायचा नाही. एवढं सगळं करून त्याच्या मनात आलं तर तो तुपात विरघळतो. जाळी पडायच्या ऐवजी पसरत जातो, त्याचा चुरा चुरा होतो. आमच्याकडं म्हणतात, अनारसा हसला. हसला! बाई रडायला आलेली असते आणि हा हसतो.

तर त्या साली धोंड्याचा महिना जेठात आला होता. तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो, त्याला आम्ही धोंडा म्हणतो. त्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं आणि तेहतीस अनारसे द्यायचे. तेहतीस म्हणजे तेहतीस. बत्तीस चालत नाहीत. सासूबाईंना — आम्ही दोघी जावा त्यांना आत्याबाई म्हणायचो — एकच लेक, त्यामुळं एकच जावई. पण त्यांच्या चेहऱ्यावरून वाटायचं की पंगतीला अख्खं गाव येणार आहे.

आणि घरात काय होतं? कापूस होता. दुसरं काही नव्हतं. दिवाळीपासून भाव येईल, भाव येईल म्हणत कोणी विकला नाही, आणि समोरची खोली खिडकीपर्यंत कापसानं भरली. आधी पोरं त्यावर उड्या मारायची, मजा होती. मग ऊन तापलं, आणि त्यातून बारीक किडे निघायला लागले. सगळं घर खाजवत होतं. पोरांच्या पाठी लाल. नवरा जेवताना एका हातानं घास घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं मान खाजवायचा. आत्याबाई चादर पसरून ढीग झाकायच्या आणि म्हणायच्या, "पाव्हन्याले दिसलं नाही पाह्यजे." दिसणार कसं नाही? बाजेवर बसला की पाठ ढिगालाच टेकत होती.

अशा घरात तेहतीस अनारसे.

आत्याबाईंनी पैसे काढले. कुठून काढले ते विचारायची माझी हिंमत नव्हती. तूप त्यांनी स्वतः ओळखीच्या गवळणीकडून आणलं. गूळ आणायला मला घाटंजीच्या बाजारात पाठवलं. थोरली सून मी. "गूळ कोरडा पाहून आनजो, वला नोको आनू," दारापर्यंत येऊन सांगितलं. मी गेले, गूळ आणला. चंदानं तांदूळ कुटले, मी गूळ मोजून घातला, दोघींनी पीठ मळलं. डब्यात दाबलं. पाचव्या दिवशी जावई येणार, त्या सकाळी तळायचे.

ती सकाळ मी किती वेळा आठवली असेल? मोजत नाही.

कढईत तूप तापलं. आत्याबाईंनी पहिला सोडला. तो हसला. दुसरा सोडला, तोही. म्हणाल्या, तूप कमी तापलं असेल. जाळ वाढवला. तिसरा तर सोडताक्षणी गेला. आठ-दहा झाले तोवर कढईत सगळी तांदळाची कणी, तूप काळं पडायला लागलं, आणि घरभर जळक्या गुळाचा वास. आत्याबाईंनी झारा खाली ठेवला. त्यांचा आवाज मोठा नव्हता, तेच भीतीचं होतं.

"काहून हसून राह्यले हे? कोनाचा हात लागला याले?"

आमच्याकडं काय मानतात ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगते. पाळी आलेल्या बाईचा हात अनारशाच्या पिठाला लागला तर अनारसे हसतात. त्या दिवसांत बाईनं बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग घरात यायचं. त्यामुळं आत्याबाईंचा प्रश्न सरळ होता — दोघींपैकी कोणी पाळी लपवून पिठात हात घातला?

मी नव्हतेच बाहेर बसलेली. चंदाही नव्हती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण दोघींचं एकमेकींना ठाऊक असायचं. आणि अनारसे का हसले हेही ठाऊक होतं. चुलीसमोर बसलेल्या तिघींमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

मी खोटं बोलले नाही. हे मी स्वतःला इतक्या वर्षांत किती वेळा सांगितलं! खोटं एक अक्षर बोलले नाही. मी म्हटलं —

"चंदा या सोमवारी डोक्यावरून न्हाली."

बस. एवढंच. पीठ मळलं रविवारी, ती न्हाली सोमवारी. आत्याबाईंनी बोटं मोजली नाहीत, मोजायची गरज नव्हती. सोमवारी चौथा दिवस असेल, तर रविवारी तिसरा. म्हणजे रविवारी चंदा बाहेरची होती आणि पिठात हात होता.

ती न्हाली होती कारण तिच्या केसांत कापसातले किडे शिरले होते. सोमवारी सकाळी मीच तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओतलं. मीच तिची मान चोळली. तीच बाई मी.

चंदा तेव्हा बावीस-तेवीसची होती, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिनं आधी आत्याबाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खाज सुटली होती जी आत्याबाई, म्हून न्हाली मी. बाईले इचारा ना." बाई म्हणजे मी. थोरल्या जावेला ती बाईच म्हणायची. सगळं घर माझ्याकडं बघत होतं. मी काय केलं? मी कढईतली कणी झाऱ्यानं काढायला लागले. कोणाला वाटावं किती कामाची सून आहे.

"जंगलातल्यायले रीतभात नाही, हे मी लग्नातच म्हटलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, जिच्यानं नासलं तिनं भरावं. तूप गेलं, आणि आता जावयासाठी घाटंजीच्या हलवायाकडून अनारसे आणायचे, त्याचे पैसे.

चंदाकडं सहाशे रुपये होते. पावडरच्या डब्यात. घरचा कापूस वेचून झाला की ती दुसऱ्यांच्या शेतात वेचायला जायची, किलोवर मजुरी, त्यातले साठवलेले. कशासाठी, तर शेवयांच्या मशीनसाठी. गावात एका घरी हातानं फिरवायची जुनी मशीन विकायला निघाली होती, सहाशेत देतो म्हणाले होते. चंदाचा हिशेब साधा होता. उन्हाळ्यात बाया पायलीच्या हिशेबानं शेवया करून घेतात. मशीन आपली असली की घरबसल्या दोन पैसे येतील. ती मला सांगायची तेव्हा हातानं हवेत मशीन फिरवून दाखवायची. त्या डब्यातले सहाशेच्या सहाशे तिनं आत्याबाईंच्या पुढं ठेवले. रडली नाही. डबा रिकामा आहे हे दाखवायला उलटा करून ठोकला, तर थोडी पावडर पडली जमिनीवर.

जावई आले. सांगू का काय झालं? हलवायाचे तेहतीस अनारसे ताटात रचले होते, दिवा ठेवला होता. जावयांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, "मले तं गोडानं छातीत जळजळ होते, आत्याबाई. पोरायले द्या." आणि ते पाठ खाजवायला लागले. मी स्वयंपाकघरात उभी होते. मला त्या भल्या माणसाच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं. दोन! दोनच खायचे होते तर आधी का नाही सांगितलं? पण त्यांना कोण विचारायला गेलं होतं?

आता मी बाजाराचं सांगते. मघाशी "गूळ आणला" म्हणून पटकन पुढं गेले, ते मला माहीत आहे.

बाजारात चांगला कोरडा गूळ होता. दुकानदारानं फोडून दाखवलाही. बाजूला एक ढेप होती, खालून पाझरलेली, कागद भिजलेला. ती तो स्वस्तात देत होता. मी हात लावून पाहिलं. बोट आत गेलं. अनारशाला असा गूळ घातला तर पीठ पातळ होतं आणि तुपात टिकत नाही, हे माझ्या आईनं मला परकर नेसत होते तेव्हा शिकवलं होतं. आत्याबाईंनी दारापर्यंत येऊन सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मी तो गूळ घेतला. वीस रुपये वाचले.

आणि त्या वीस रुपयांची मी जिलेबी खाल्ली.

हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाचं असतं तर. पोरांसाठी नेली म्हणाल? नाही. कोणी आजारी होतं? नाही. बाजारात एक गाडी असायची जिलेबीची, मी दर वेळी तिच्यावरून मान खाली घालून जायची. बाईमाणसानं एकटीनं उभं राहून खायचं हे आमच्यात बसत नाही, आणि मी तर अशी लाजरी की काळीपिवळीत बसताना भाडं द्यायलाही माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता. पण त्या दिवशी मी पाव किलो मागितली. पुडा घेतला, दुकानाच्या मागं गेले, भिंतीकडं तोंड केलं, डोक्यावरून पदर पुढं ओढला आणि सगळी खाल्ली. गरम होती. पाक मनगटापर्यंत ओघळला, तोही चाटला. मग नळावर हात धुतले आणि घरी आले. वाटेत वाटलं, गूळ जरा उन्हात ठेवला की सुकेल. ठेवला. सुकला नाही. मग वाटलं, पीठ चार दिवसांत ओढून घेईल. नाही घेतलं.

त्या सकाळी "गूळ ओला निघाला" एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? आत्याबाईंनी शिव्या दिल्या असत्या. दुकानदारानं फसवलं, असंसुद्धा म्हणता आलं असतं. मारलं कोणी नसतं. पण मला वाटलं, गुळाचं निघालं तर पैशांचं निघेल, पैशांचं निघालं तर जिलेबीचं. भिंतीकडं तोंड करून पदराखाली जिलेबी खाणारी थोरली सून! ते लोकांना कळण्यापेक्षा चंदाचं नाव जाणं मला सोपं वाटलं. असं ठरवलं नाही मी. पण तसंच केलं.

दोन दिवसांनी नदीवर धुणं धुताना चंदा मला म्हणाली, "बाई, तुमाले तं माहीत होतं ना, मी काहून न्हाली ते?"

मी म्हटलं, "मी कुठं काय म्हटलं? न्हालीस एवढंच म्हटलं."

तिनं थोडा विचार केला. खरंच विचार केला. आणि म्हणाली, "हव, ते बी खरं हाय." आणि माझी चादर पिळायला दुसरं टोक धरलं.

त्यानंतर चंदाचा हात कोणी गोडाला लागू दिला नाही. पोळ्याला, दिवाळीला, महालक्ष्म्यांना, सगळं गोड मी करायची आणि ती कांदे चिरायची. तिच्या स्वतःच्या पोरीच्या बारशाला घुगऱ्या झाल्या, लापशी झाली, तीसुद्धा मी ढवळली. गावात लग्न असलं आणि बाया पुरण वाटायला बसल्या की कोणीतरी म्हणायचंच, चंदा, तू राहू दे वं. ती उठून पाणी भरायला जायची. शेवयांची मशीन सुताराच्या मंगलानं घेतली. दर उन्हाळ्यात चंदा मंगलाकडं मशीन फिरवायला जायची, रोजानं. मी माझी कणीक तिथंच न्यायची. चंदा फिरवायची, मी शेवया काडीवर झेलायची. माझ्यासाठी ती जास्त बारीक काढायची. मला ओरडावंसं वाटायचं — नको काढू बारीक! जाड काढ, तुटू दे, काहीतरी कर! पण मी म्हणायची, छान आल्या.

मग वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. आत्याबाई शेवटी चंदाकडं होत्या. आठ महिने अंथरुणाला होत्या, सगळं चंदानं केलं. मरेपर्यंत त्यांना वाटत होतं की पीठ चंदानंच बाटवलं. एकदा मला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, पन तेवढं एक लबाड वागली." मी त्यांचे पाय चेपत होते. चेपत राहिले.

त्यांचं तेरावं झालं आणि मी ठरवलं, पैसे द्यायचे. मी आता दिवाळीला मास्तरणीबाईंच्या घरी फराळ करून देते, उन्हाळ्यात कुरडया-पापड. त्यातले दीडशे बाजूला काढले आणि चंदाकडं गेले. सगळं सांगायचं म्हणून गेले होते. रस्ताभर वाक्य जुळवत होते. ती भाकरी थापत होती. मी पाटावर बसले, नोटा पुढं ठेवल्या, आणि तोंडातून निघालं —

"आत्याबाईनं सांगून ठेवलं होतं. चंदाचे सहाशे वापस करजो म्हने. जमतील तसे देईन."

कुठून आलं हे? मला नाही माहीत. म्हणजे पुन्हा तेच. त्या दिवशी जिवंत माणसावर ढकललं, या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावावर मोठेपणा घेतला. या वेळी तर खोटंही बोलले, स्वच्छ.

चंदाचे हात पिठात तसेच राहिले. मग तिनं मनगटानं डोळे पुसले. "म्हनजे त्याइले कळलं होतं," म्हणाली. "कळलं होतं नं बाई त्याइले, मी नव्हती लबाड?"

मी म्हटलं, हो. कळलं होतं.

तेव्हापासून ती पितृपंधरवड्यात आत्याबाईंच्या नावानं वेगळं पान वाढते. पहिल्या वर्षी मला बोलावलं. मी गेले, जेवले. पुढच्या दिवाळीला दीडशे दिले, मग उन्हाळ्यात दीडशे. प्रत्येक वेळी ती विचारायची, आत्याबाई अजून काय म्हणाल्या होत्या? आणि मी काहीतरी सांगायची. आता तिच्याकडं आत्याबाईंची अशी चार-पाच वाक्यं आहेत, आत्याबाईंनी कधीच न बोललेली. ती लोकांना सांगते.

गेल्या आठवड्यात शेवटचे दीडशे दिले. तिनं ते मोजले, कनवटीला लावले. मी उठायला लागले तर म्हणाली, बसा ना, चहा ठेवते. मी बसले. तिनं चहा केला, माझ्या कपात साखर जास्त घातली, कारण मला गोड आवडतं हे तिला ठाऊक आहे. मी पिऊन कप धुतला.

"झाले बाई सहाशे," ती म्हणाली. "फिटले आत्याबाईचे."

मी हो म्हटलं. सहाशेच्या सहाशे फिटले.